सूनबाईच्या अळ्या

आमच्या सुनेनं सासरी आल्यावर पहिली वस्तू मागितली ती अळ्यांसाठी बरणी.

त्याआधी प्राजक्ता फक्त "हो बाबा", "नाही बाबा" एवढंच बोलायची. माहेर संग्रामपूरकडचं, घरामागे सातपुडा. आमच्या जानेफळात तिचा जीव रमेना. मुलगा दिवसभर डोणगावच्या दुकानात. ती ओट्यावर एकटीच बसलेली दिसली की मला उगाच अपराध्यासारखं वाटायचं. एक दिवस मात्र नाल्याकाठच्या रानमोहरीवरून पानभर काळ्या अळ्या घेऊन चक्क पळत आली!

"बाबा, हिचे पाय पाहा! फुलपाखराच्या अळीले पोटाखाली फार तर पाच जोड्या असतात. हिले आठ! ही करवतमाशीची हाय. बरणी द्या ना एखादी!"

(मला पाय दिसलेच नाहीत. पण पोरगी हसत होती, म्हणून मी "व्वा!" म्हणालो.)

बरणीत खाली माती, वर पाला. संक्रांतीला माहेरी जाताना तिनं बजावलं, "रोज ताजा पाला टाकजा, बाबा."

टाकला. आणि एका सकाळी बघतो तर अळ्या गायब! एकही नाही! मेल्या की पळाल्या, कोण जाणे. मी माती तुळशीत ओतली, बरणी घासली आणि नाल्याकडे धावलो. रानमोहरी वाळलेली. शेजारच्या रुईवर मात्र अळ्याच अळ्या! काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. घेतल्या.

"अवो, त्या तं नुसत्या काळ्या होत्या ना?" बायको म्हणाली.

"मोठ्या झाल्या की रंग येतो," मी ठोकून दिलं.

प्राजक्ता परत आली ती थेट बरणीकडेच. एक अळी बोटावर घेऊन तिनं हळूच उलटी केली.

"बाबा, हिच्या तीन जोड्या कुठं गेल्या?"

"गळल्या असतील... थंडीनं."

तेवढ्यात अंगणातून बायको ओरडली, "बाप्पा! अवो, तुळशीतून माश्या निघून राह्यल्या! नारिंगी!"

प्राजक्तानं तुळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोश कराले त्या मातीत शिरल्या होत्या, बाबा! अन् तुम्ही त्याइले..." ओट्यावर बसून, ओढणी तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली पोरगी! बायकोही हसली. मी तेवढा गंभीर.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. करमतं का, असं विचारत असाव्यात.

"हाव आई, आता मस्त करमते," प्राजक्ता म्हणाली. "बाबांवर सारखं ध्यान ठेवा लागते. दिवस कसा जाते, समजतच नाही!"