बेचाळिसावं डोकं

कपाट आवरताना पितळी शिट्टी सापडली. सहज ओठांना लावली आणि त्या कडवट वासासरशी थेट वढू बुद्रुकला जाऊन पोचले.

तेव्हा मी केंदूरकडच्या एका वस्तीवरच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. वढूच्या सहलीहून परत निघताना टेम्पोपाशी पोरांची रांग करून डोकी मोजली. एकेचाळीस. हजेरीत तर बेचाळीस! पुन्हा मोजली, तरी एकेचाळीसच. "माझ्या जबाबदारीवर नेते," असं सकाळी घरोघरच्या आयांना मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. आता कुणाच्या दारात काय तोंड घेऊन उभी राहणार?

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांतामावशी सोबत आल्या होत्या. माझ्या पाठीमागं बघत त्या म्हणाल्या, "बाई, आन् ही कुणाची वो? हिला मोजलं न्हाई व्हय?"

वळून पाहिलं, तर दुसरीतली माझीच सोनल माझा पदर धरून उभी. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाईच म्हणायचं, हा नियम माझाच. लोकांची लेकरं मोजता मोजता पोटची राहून गेली होती.

मी खाली बसून तिला कवटाळलं. तेव्हा एवढंच वाटलं, सुटले बाई! ती किती वेळ मुकाट उभी होती, ते आज जाणवतं.

"अगं, आई म्हणून हाक मारायची की!"

तिनं गंभीरपणे विचारलं, "शाळा सुटली का?"

मी शिट्टी तोंडात धरली आणि लांबलचक फुंकली.

"सुटली."