बाराशे चाळीस

भिवपुरीच्या वीजघरात नामाने अठ्ठावीस वर्षं बॅटऱ्या सांभाळल्या, आणि त्याच्या स्वतःच्या घरात रॉकेलची चिमणी जळत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो! विजेचे मनोरे त्याच्या शेताच्या बांधावरून जायचे, पण कशेळ्याच्या पुढे डोंगराला लागलेल्या त्या वाडीत तारेचा तुकडा यायचा नाही. अर्ज करून करून माणसं थकली.

निवृत्त झाल्यावर नामाने ट्रकची एक जुनी बॅटरी आणली, तिच्यावर बारका दिवा लावला. वाडी बघायला लोटली. बॅटरी उतरली की ती कशेळ्याला बॅटऱ्या भरून देणाऱ्या चांगोच्या दुकानात न्यायची, दोन दिवस ठेवायची, भरली की आणायची. काम साधं, पण नामाचे नियम फार. बॅटरीच्या पाण्यात काचेची नळी बुडवून तो आकडा बघायचा. बाराशे चाळीस, म्हणजे पूर्ण भरल्याचा आकडा, आल्याशिवाय बॅटरी हलायची नाही. अर्धी भरून उचलली तर आतल्या प्लेटा मरतात, हे तो ज्याला त्याला ऐकवायचा.

त्या नियमानेच घात केला. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात तो बॅटरी आणायला गेला, तर आकडा बाराशेवर अडकलेला. चांगो म्हणाला, आजच्यापुरती ने, घरी काकी एकटी आहे. नामाने ऐकलं नाही. शेवटची गाडी सोडली आणि दुकानाच्या फळीवर मुक्काम केला. इकडे घरात रॉकेल संपलेलं. म्हैस हंबरली म्हणून त्याची बायको सोनुबाई चाचपडत गोठ्यात गेली आणि विषारी फुरशावर पाय पडला. सकाळी नामा पूर्ण भरलेली बॅटरी खांद्यावर घेऊन वाडीत शिरला, तेव्हा दारात माणसं जमली होती.

दहाव्याला रीतीप्रमाणे दिव्याखाली पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याचा ठसा पिठावर उठतो, असं आपल्याकडे मानतात. सकाळी टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. मुंगीचं पाऊलसुद्धा नाही. बाकीच्यांनी विषय सोडला. नामाने नाही सोडला. सोनुबाई कुठेच गेली नाही, अंधारात उभी आहे, हे त्याच्या डोक्यात घर करून बसलं.

दोन वर्षांनी शेजारच्या आश्रमशाळेवर कुठल्याशा संस्थेने उन्हावर वीज करणाऱ्या काचा बसवल्या. कोपरा फुटलेली एक उरली, ती नामाने हातापाया पडून मागून घेतली. बॅटरीने आता घर सोडायचं नाही, एवढा एकच ध्यास. छपरावर काच बांधली, तिची तार सरळ बॅटरीला जोडली. दिवसभर ऊन भरायचं, संध्याकाळी आकडा चढलेला असायचा.

आणि मग ते सुरू झालं. निजताना दिवा बंद करून नामा आकडा बघायचा. सकाळी उठून बघायचा तर आकडा दहा-पंधराने खाली. दिवा बंद, घरात दुसरं कुणी नाही, मग वीज वापरली कुणी? खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला. चौथ्या दिवशी तो काट्याची वाट बघू लागला. पिठावर जो ठसा उठला नव्हता, तो त्याला इथे सापडला. निजण्याआधी तो दिव्याखाली सोनुबाईचा पाट मांडायचा. वीजघरात उमर काढलेल्या माणसाला एकदा रात्री काचेची तार सोडून बघणं काही अवघड नव्हतं. पण ती तार त्याने कधी सोडली नाही. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढच्या श्रावणात लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ऊन नावालाच पडत होतं. बॅटरी दिवसा जेमतेम भरायची, रात्रीत पुन्हा उतरायची, आणि तिसऱ्या संध्याकाळी दिवा लागलाच नाही. मैनेने नवऱ्याकरवी चांगोला बोलावणं धाडलं.

चांगो आला, छपरावर चढला, उतरला आणि हसला. एवढे वीजघरवाले, नामाकाका, आणि उलटी वीज अडवायचा डायोड बसवला नाही? दिवसा काच बॅटरीला देते, रात्री बॅटरीच काचेला देते, सगळी वर जाते, असं त्याने सांगितलं. खिशातून शेंगदाण्याएवढा काळा तुकडा काढून त्याने तळहातावर ठेवला. नामाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. राहू दे, म्हणाला. चांगो गोंधळला.

मैनेने बापाला मागच्या पडवीत नेलं. काय झालंय, ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. नामाने सांगितलं.

"तुजी आय येते गं राती. दिवा तिलाबी लागतो."

मैना हादरली. तिने पोटावर हात धरला. मग म्हणाली, "बाबा, आय अंधारात गेली. मी अंधारात नाय बाळंत होनार."

नामा आत गेला. चांगोच्या हातातला तुकडा घेतला आणि आपल्या हाताने तारेत जोडला. त्या दिवशी नेमकं ऊन पडलं. निजताना आकडा बघितला, पाट मांडला. सकाळी बघितला, तोच आकडा. एका रेघेचाही फरक नाही. पाट उचलून त्याने भिंतीशी उभा केला आणि बायको गेल्यावर जो रडला नव्हता, तो माणूस बॅटरीशेजारी बसून लहान लेकरासारखा रडला.

आठ दिवसांनी रात्री मैनेला मुलगी झाली. दिवा शेवटपर्यंत टिकला. सुईणपण करणारी धोंडूबाई पोर त्याच्या हातात देत म्हणाली, घे, तुझी सोनुबाईच आली बघ. नामाने पोरीला नीट जवळ घेतलं, पण मान हलवली.

"नाय गं. तिची यायची वाट मीच बंद केली."

पुढे वाडीत वीज आली. घराघरांत दिवे लागले, छपरावरची काच उतरून पडवीत गेली, बॅटरी मात्र नामाने फेकली नाही. रोज निजताना आकडा बघायचा, पहाटे चूळ भरायच्या आधी पुन्हा बघायचा. लोक म्हणायचे, जुना वीजघरवाला, सवय सुटत नाही. आकडा तिथेच दिसला की तो नळी पुसून ठेवायचा आणि म्हणायचा, आजबी नाय आली.