उघड्या टपाची गाडी आणि बाबांची हातोडी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवायला नको. आमचं घर बौद्ध. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. भूत, आत्मा, अंगात येणं... यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. शेजाऱ्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली की बाबा मोठ्यानं म्हणायचे, "मिरच्या खायच्या असतात बाप्पा, टांगून काऊन ठेवता?" अशा माणसाचा मी मुलगा. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाही, लाज वाटते. बाबा असते तर पहिली चपराक त्यांनीच दिली असती.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. छत्तीसगड वेगळं व्हायला अजून बराच अवकाश होता, आम्ही मध्य प्रदेशातले भिलाईकर. मी स्टील प्लांटच्या रोल शॉपमध्ये नोकरीला, लग्न व्हायचं होतं, घरात मी आणि आई. बाबा पूर्वी चरोद्याच्या रेल्वे यार्डात होते. मालगाडी येऊन उभी राहिली की खाकी स्वेटर घालून, गळ्यात गमछा टाकून, लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेनं चालत जायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा आणि ऐकायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. उजवा कान यार्डातल्या आवाजानं गेला होता, म्हणून बाबा डावा कान चाकाकडे करायचे आणि डोळे मिटायचे. लहानपणी मी त्यांची नक्कल करून मार खाल्लाय! रिटायर झाल्यावर ती हातोडी त्यांनी घरी आणली आणि दारामागच्या खिळ्याला टांगली. दोन वर्षांनी ते गेले. हातोडी तिथंच राहिली.

आता गाडीचं.

आईबाबांचं लग्न धर्मांतराच्या आधीचं, भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातलं. गावाचं नाव देत नाही, अजून तिथं नातेवाईक राहतात. वरात मेन रस्त्यानं न्यायची असं बाबांच्या दोस्तांनी ठरवलं होतं. वाजंत्री लावून निघाले, तर मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, गाडी रस्त्यात आडवी उभी. विलायती, दोन दरवाज्यांची, कापडी टप घडी होऊन मागे पडायचा अशी. "रस्ता बंद आहे, गाडी उभी आहे," एवढंच मालगुजाराच्या माणसांनी सांगितलं. हातात काठ्या होत्या, त्यामुळे जास्त बोलायची गरज नव्हती. नवरा-नवरी नाल्याच्या काठानं, चिखलातून, वाजंत्री बंद ठेवून घरी गेले. नाल्यापाशी बाबा आईला म्हणाले होते, "एक दिवस याच गाडीत बसवून, याच रस्त्यानं आणीन तुले."

जमलं नाही. चाकं ठोकणाऱ्याला विलायती गाडी कुठून जमणार? पण आई हे कधी विसरली नाही; बाबांचं नाव न घेता "त्यायले जमलं नाही" एवढंच म्हणायची. आणि आता तिला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाणार. मला दुसरं काही सुचेना. आईला तो रस्ता दिसतोय तोवर तिला त्याच गाडीतून तिथं न्यायचं, बस्स. जीप नको, अँबेसेडर नको, तीच गाडी, निदान तसलीच. आणि टप उघडा, म्हणजे गावाला आई दिसली पाहिजे.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही... गाडी मिळालीच नाही तर काय तोंड दाखवायचं? तिला वाटायचं, पोराला नवं खूळ लागलंय. "गाडी पाह्याले टाइम हाय तुले, पोरगी पाह्याले नाही," असं रोज ऐकवायची.

तसल्या गाड्या तेव्हाही दुर्मिळ होत्या. महिनोन्‌महिने मी ड्यूटी सुटली की सायकल काढायचो. पेट्रोल पंप, गॅरेज, कबाडी... सगळे हसायचे. घरी पाय टिकेना, जेवताना लक्ष नसे. शेवटी जीई रोडवरच्या एका टायर रिट्रेडिंगवाल्यानं डोकं चालवलं. त्या गाडीच्या टायरचा साइज वेगळा, बाजारात मिळत नाही, म्हणजे ज्याच्याकडे गाडी असेल तो जुन्या टायरवर रबर चढवायला येणारच. आठवून आठवून त्यानं तीन ठिकाणं सांगितली. एक दुर्गात मोहन नगरला, एक राजनांदगावच्या पलीकडे एका फार्मवर आणि एक खुर्सीपारला.

मोहन नगरच्या बंगल्यात वकिलांच्या विधवा बाई राहायच्या, मूळच्या अमरावतीकडच्या. मी गाडीचं नाव काढलं आणि काकू भडकल्याच.

"अहो, परवाच तुमच्याकडचे ते म्हातारे येऊन गेले ना! विचारायचं नाही, सवरायचं नाही, सरळ चाकांवर हातोडी मारायला लागले. रंग उडाला असता म्हणजे?"

मी म्हटलं, "माझ्याकडचं कुणी नाही काकू, मी एकटाच आहे."

"मग 'पोरगा येईन' असं कशाला म्हणाले? आणि म्हणाले, ही नाही चालणार. फुकट पाहायची आणि वर नावं ठेवायची!"

गाडी खरंच चालणार नव्हती. इंजिनाच्या जागी जुन्या फाइलींचे गठ्ठे ठेवले होते. मी स्वतःला समजावलं, असेल कुणी दलाल. पण खोटं कशाला बोलू? हातोडी घेऊन फिरणारा दलाल मी तरी पाहिलेला नव्हता.

पुढच्या सुट्टीला राजनांदगाव. फार्मवरचा चौकीदार छत्तीसगढी बोलणारा, गोड माणूस. त्यानं मला पाणी दिलं आणि आपणहूनच सांगायला लागला, "एक झन सियान आय रिहिस साहेब. चारों चक्का ला ठोंक-ठोंक के सुनिस." म्हणजे एक म्हातारा आला होता, चारही चाकं ठोकून ऐकत होता. मी विचारलं, "कैसे सुनता था?" तर त्या माणसानं डावा खांदा खाली केला, डावा कान पुढे काढला आणि डोळे मिटले.

मी पेला खाली ठेवला आणि गाडीपाशी गेलो.

त्या गाडीत कोंबड्या पाळल्या होत्या. खालचा पत्रा सडून गेला होता. "ए नइ चलय," असं म्हणून सियान निघून गेला, म्हणाला चौकीदार. कुठं गेला? तो बोट दाखवतो तर समोर मोकळं शेत.

तिथून मी थेट रिट्रेडिंगवाल्याकडे गेलो आणि त्याच्यावर आवाज चढवला. आणखी कुणाला सांगितलंस? त्यानं मुलाबाळांची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी चरोद्याला जाऊन बाबांच्या जुन्या सोबत्यांना गाठलं. एकानंही अशी गाडी जन्मात पाहिलेली नव्हती. घरी येऊन दारामागे पाहिलं. हातोडी खिळ्याला होती. दांड्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं, जसंच्या तसं.

आई म्हणाली, "काय पाहून राहिला रे तिथं?"

"काही नाही."

"मंग जेवून घे ना. नुसता येरझाऱ्या घालून राहिला."

खरं सांगतो, मला राग आला होता. कुणीतरी माझ्या बापाची नक्कल करून मला छळतंय, असंच वाटत होतं. जो कोणी असेल तो खुर्सीपारला सापडला की त्याचं मानगूट धरायचं, असं ठरवून निघालो.

खुर्सीपारला बलबीर सरदारजींचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली ती उभी! हिरवा रंग जागोजागी उडालेला, टपाचं कापड फाटलेलं, पण त्याचा लोखंडी सांगाडा धड. सरदारजींनी हँडल मारलं, खोकत खोकत इंजिन सुरू झालं. मी बोनेटवर हात ठेवला आणि आधी तेच विचारलं.

"पाजी, कोई बुजुर्ग आया था क्या?"

"आया था ना. सुबह ही तो आया था. खाकी स्वेटर, गले में गमछा. बड़ा प्यारा बंदा." सरदारजी हात पुसत होते. "बोला, यही गाड़ी है. बोला, लड़का आएगा, उसको कहना पीछे का बायाँ चक्का बदले. उसके बिना माँ को नहीं बिठाना."

माँ को. मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, ते वर लिहिलंच आहे. मी तिथंच टायरवर बसलो. सरदारजींनी चहा मागवला.

"चक्के में तो कुछ नहीं है वैसे," ते म्हणाले. "मैंने देखा. रबर के टायर पे हथौड़ा मार के किसको क्या पता चलता है?"

तेही बरोबरच होतं. रेल्वेचं चाक सगळं पोलादाचं, ते बोलतं. मोटारीचं चाक काय बोलणार? कुणीही मेकॅनिक हसला असता. मी म्हटलं, खोटंच ठरवून टाकू एकदा, म्हणजे डोक्याची कटकट जाईल. ते चाक उतरवलं, झाकण काढलं, घासून साफ केलं. काहीच नाही. मग रोल शॉपमध्ये करायचो तसं केलं. पत्र्याला रॉकेल चोपडलं, थोडा वेळ ठेवलं, कोरडं पुसून काढलं आणि वरून खडूची पूड लावली. बारीक तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटतं.

आम्ही दोघं पाहत बसलो. हळूहळू एक ओली रेघ उमटली. एका बोल्टच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंत आणि तिथून तिसऱ्यापर्यंत.

"ओ तेरी..." सरदारजींनी पगडीला हात लावला. गावाच्या वाटेवर, देवरीच्या अलीकडे, जंगलातला मोठा उतार आहे. तिथं हे चाक निघालं असतं तर आई आणि मी दोघंही उरलो नसतो. पाजींनी मोहन नगरच्या काकूंकडून त्यांच्या गाडीचं चाक मिळवलं. काकूंना कसं पटवलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी दोन दिवसांसाठी त्यांनी मला दिली; चालवायला मी प्लांटच्या जीपवर शिकलो होतो. भाड्याचं विचारलं तर रागावले.

आईला मी सांगितलं ते निघायच्या दिवशी, भल्या पहाटे. तेही फक्त गाडीबद्दल. म्हाताऱ्याबद्दल, हातोडीबद्दल, चाकाबद्दल एक अक्षर नाही. ती दारात आली, गाडीला हात लावत लावत पूर्ण फेरी मारली आणि आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. तर बाई निळं लुगडं नेसून बाहेर आली! म्हणाली, "चाल. ऊन व्हायच्या आत पोचू."

बागनदी ओलांडून आम्ही महाराष्ट्रात शिरलो. गावाच्या वेशीपाशी मी टप मागे पाडला आणि गाडी मेन रस्त्याला घातली. सकाळची वेळ, लोक ओट्यांवर. कुणी दातून थांबवलं, कुणी उभं राहिलं. मालगुजाराच्या घराचा सज्जा पडला होता, खाली रॉकेलचं दुकान निघालं होतं. आई ताठ बसली होती. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला आणि एकेक घर पाहत गेली, जेवढं दिसत होतं तेवढं. "एवढुसाच होता रे रस्ता?" असं एकदाच म्हणाली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. काचबिंदू आईला आणि रडू मला, अशी आमची वरात.

रस्ता संपतो तिथं नाला येतो. मी वळवायला म्हणून गाडी हळू केली, तर आईनं माझ्या दंडाला हात लावला.

"थांबव जरा."

"काय झालं आई?"

"काही नाही. त्यायले चाकं पाहून घेऊ दे. लांबून आली गाडी."

अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजीत मीठ पाहा म्हणावं तशी. मग मान थोडी वळवून बसून राहिली, आधी मागच्या चाकाकडे, मग पुढच्या, मग दुसऱ्या बाजूला. शेवटी म्हणाली, "झालं. चाल आता."

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिला मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. तो म्हातारा कोण, तडा त्याला कसा कळला, आई काय ऐकत होती? आत्मा नसतो, हे मी आजही विहारात मुलांना शिकवतो आणि मनापासून शिकवतो. त्या नाल्यापाशी मला स्वतःला काहीही ऐकू आलं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

पण चाकं ठोकून ऐकायची असली की आजूबाजूला आवाज चालत नाही. लहानपणी मी यार्डात बडबड केली की बाबा ओरडायचे, "चूप, ऐकू दे." आणि त्या सकाळी आई फक्त "थांबव" म्हणाली होती... इंजिन मी आपणहून बंद केलं होतं.