डेटाबेसमधली कैरी

नव्वदच्या आसपास धुळ्यात, पाचकंदीलजवळ, एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. मी बी.कॉम. झालेली, नुकतंच लग्न झालेलं. सासर साक्री रस्त्यावरच्या खेड्यात, शेतकऱ्याचं घर. मला शिकायची हौस होती, पण नव्या सुनेला एकटं शहरात धाडायला घरचे तयार नव्हते. म्हणून सासरे, आमचे आबा, सोबत एसटीने येऊ लागले. चपला दाराबाहेर काढून आत जायचं. आबा दारालगतच्या बाकावर बसत आणि शेवटपर्यंत ऐकत.

सर तरुण होते, भराभर इंग्रजी बोलायचे. पुस्तक कुणाकडेच नव्हतं. ते सांगत आणि आम्ही कानावर पडेल तसं उतरवून घेत असू. डेटाबेसमधला रकाना म्हणजे फील्ड, एकेका माणसाची आडवी ओळ म्हणजे रो, आणि मशीनला प्रश्न विचारायचा ती क्वेरी. मला ती स्वच्छ 'कैरी' ऐकू आली. इंग्रजी अक्षरांत मी वहीत कैरीच लिहिली. नावं क्रमाने लावायच्या सॉर्टचं शॉर्ट झालं.

परतताना आबा विचारायचे, आज काय शिकवलं. मी वही वाचून दाखवायची. फील्डचा मला ठाऊक असलेला अर्थ शेत, तोच त्यांना सांगितला. त्यात ओळी होत्या, वर कैरी. सून शेतीचंच काहीतरी नवं शिकतेय, असं त्यांनी पारावर सांगून टाकलं.

पहिल्यांदा मशीनवर बसले आणि बिंग फुटलं. मी हुकूम टाइप केला, पडद्यावर उत्तर आलं की हा शब्द ओळखीचा नाही. सरांनी वाकून वाचलं आणि हसता हसता शेजारच्या खुर्चीत बसले. मग फळ्यावर खरं स्पेलिंग लिहिलं. तेव्हा कळलं, क्लासात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका शिक्षिकाबाईंच्या वहीत क्वेरीऐवजी दगडाची खाण होती, क्वारी.

सरावासाठी प्रत्येकाने एक फाइल करायची होती. मी आमचं गाव घेतलं. नाव, गल्ली, पीक. नावं आबांनी एसटीत बसल्या बसल्या तोंडपाठ सांगितली. सगळं भरून झाल्यावर मी नीट स्पेलिंगची क्वेरी दिली, भुईमूग पेरणारे दाखव. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत नेमकी तेवढीच माणसं उतरली. आबा उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. मी एकेक नाव वाचलं.

"बठ्ठासनी काय पेरं ते याले ठाऊक शे?" त्यांनी हळूच विचारलं. सगळ्या गावाने काय पेरलं ते याला माहीत आहे, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. माझाही कुठे बसत होता.

पुढचा धडा नाव काढून टाकायचा. जिवंत माणसाचं नाव काढायला हात धजेना. आबांनी सवयीने आपल्या थोरल्या भावाचंही नाव सांगितलं होतं. ते माझ्या लग्नाआधीच वारले होते. मी तेच निवडलं. नाव गेलं नाही, त्याच्या अलीकडे फक्त एक चांदणी उमटली. सर म्हणाले, ही नुसती खूण, कायमचं पुसायला 'पॅक' द्या. मी ऐकून वहीत 'बॅक' लिहिलं. मी तेच टाइप केलं आणि मशीनने पुन्हा कानावर हात ठेवले.

आबांनी चांदणीकडे बोट दाखवलं. "नाव गयं का त्यानं?"

"नाही आबा. खूण झालीय फक्त. नाव आहे अजून."

ते पडद्याकडे पाहत राहिले. सर फळ्याकडे वळले, पॅकचं स्पेलिंग लिहायला.

"मंग ऱ्हाऊ दे त्याले," आबा म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी खडू ठेवून दिला आणि होकारार्थी मान हलवली. पुसलेलं माणूसही जागेवर ठेवणारी ही कसली वस्तू, या विचाराने मी कितीतरी वेळ त्या हिरव्या अक्षरांवरून नजर काढली नाही.

घरात त्या भावाचा विषय सहसा निघत नसे. त्या संध्याकाळी एसटीत आबा त्यांच्याबद्दलच बोलत होते. ते विहिरीत सूर कसे मारायचे, बैलांशी बोलायचे कसे, आणि हसू लागले की त्यांना थांबवणं कसं अवघड जायचं. गावचा थांबा आला तेव्हा कंडक्टरला आम्हाला हाक मारून उतरवावं लागलं.