निकालाच्या दिवशीचा रस्सा

त्या माणसाला शिक्षा झाली त्या दुपारी कोल्हापुरात शाहूपुरीत लोकांनी एकमेकांना पेढे भरवले. पेढा मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू. पण घशाखाली उतरता उतरता मला राग यायला लागला, कारण समोरचा चष्मेवाला दुकानदार दोन्ही हात झटकून म्हणाला, "आक्का, संपलं बघा. त्येचा खेळ खल्लास."

आमचं पंप आणि मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं शेतकरी, त्यामुळे तालुक्याची बातमी आधी आमच्या काउंटरवर येते आणि मग पेपरात. हा माणूस आमच्या भागाचा आमदार होता. एका इंजिनिअरला त्याच्याच कार्यालयात शिरून, त्याच्याच टेबलावर आडवा करून, याने लोखंडी गजाने मारलं होतं. कुणीतरी खिडकीतून मोबाईलवर शूटिंग केलं. त्यातला गुडघा फुटल्याचा आवाज ज्यांनी एकदा ऐकला त्यांनी दुसऱ्यांदा ऐकला नाही. एवढा ढळढळीत पुरावा असूनही खटला वर्षानुवर्षं रखडला, आणि शेवटी सक्तमजुरी झाली. पोलिसांच्या गाडीत चढताना त्याचा फोटो आला. तो हसत होता, पण लोकांना हसू दिसलं नाही. त्यांना फक्त गाडी दिसली.

मला हसू दिसलं, कारण माझा भाऊ अजून साक्ष द्यायचा राहिला होता.

हा त्याच माणसावरचा दुसरा खटला, खुनाचा. आमचं माहेर हातकणंगल्याच्या बाजूचं, जैनांचं जुनं शेतकरी घर. माझा भाऊ उसाला पाणी पाजत असताना शेजारच्या बांधावर चार जणांनी एका शेतकऱ्याला काठ्यांनी झोडपलं. त्याच्या रानातून रस्ता हवा होता आणि तो देत नव्हता, एवढंच कारण. हा आमदार गाडीत काच खाली करून बसला होता. माणूस हलायचा थांबल्यावर तो खाली उतरला, आणि मेलाय की नाही हे बघायला त्याने पायातल्या बुटाने त्याचं तोंड दाबलं. भावाने हे उसाच्या सरीत बसून, हातातलं खोरं घट्ट धरून बघितलं. बाकीच्यांनी काय काय बघितलं ते पोलीस येईपर्यंत विसरून गेले. भाऊ विसरला नाही. त्याची साक्ष निकालानंतरच्याच आठवड्यात होती, आणि त्याच्याशिवाय त्या खटल्यात दम नव्हता. हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्या माणसांनाही ठाऊक होतं.

म्हणून गावातल्या तालमीच्या पोरांनी पाळी लावली होती. भावाला सगळं गाव अण्णा म्हणतं. अण्णा रानात निघाले की दोघं मागं, अण्णा डेअरीत निघाले की दोघं पुढं. मराठ्यांची दणकट पोरं, रोज पहाटे लाल मातीत लोळणारी. भाऊ वैतागायचा. म्हणायचा, "नवरदेव हाय काय मी, करवल्या घेऊन फिरायला?" पण पोरांनी त्याला एकदाही एकटं सोडलं नव्हतं. माझा जीव त्या पोरांवर टांगलेला होता.

निकालाच्या दिवशी दुपारनंतर मी माहेरच्या गावी गेले. वेशीपासूनच गुलाल. हलगी कडाडत होती, कर्णा लावला होता, आणि ज्या नेत्याला दोन वर्षांपूर्वी याच पोरांच्या बापांनी जेसीबीवरून फुलं उधळून पुन्हा निवडून आणलं होतं, त्याला याच चौकात शिव्या घालत लोक नाचत होते. भावाला कुणीतरी खांद्यावर घेतलं होतं. कपाळापासून गळ्यापर्यंत त्याला गुलालाने माखला होता. मी त्याला खाली ओढून म्हटलं, "अरे, तुझी साक्ष व्हायचीय अजून." तर शेजारचा एक म्हातारा मलाच म्हणाला, "आत गेला की त्यो! आता कशाला भ्या?"

भ्यायचं कशाला ते दिवस मावळायच्या आत कळलं.

तालमीच्या अंगणात बोकड पडला होता. आमच्याकडे आनंद झाला की तांबडा-पांढरा रस्सा होतोच, त्याशिवाय आनंद झाल्यासारखं वाटत नाही. मोठ्या डेगीत रस्सा रटरटायला लागला. आमच्या घरात कांदालसूणही चालत नाही, आणि भाऊ सूर्य बुडाल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. पोरांना हे पक्कं माहीत. त्यांनी त्याच्यासाठी वेगळ्या चुलीवर शिरा केला होता, अगदी भांडं घासून, धुऊन. पण मटणाच्या वासात बसून आपण नाक दाबून धरलं तर पोरांचा विरस होईल, असं भावाला वाटलं. आणि अण्णांना इथं बसवून ठेवलं तर त्यांचा धर्म बिघडेल, असं पोरांना वाटलं. एकमेकांचा मान राखता राखता दोन्हीकडच्यांनी मोठा घात केला. भाऊ म्हणाला, "तुम्ही जेवा रं बाळांनो, मी उजेड हाय तवर घरात चार घास खातो." पाळीवरचे दोघे उठलेही होते. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "पाच मिनिटांची वाट. आणि आता हाय कोण?"

मी तेव्हा घरी वहिनीजवळ होते. ताट वाढून ठेवलं होतं, भाकरीवर लोण्याचा गोळा होता. वहिनी दारात जाऊन ऊन बघायची आणि परत यायची. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत छपराला लागली तशी ती म्हणाली, "ह्ये कवा उशीर करत न्हाईत."  आम्ही दोघी धावत सुटलो.

तो ओढ्याच्या पुलाखाली होता. त्याला वरून फेकला होता. खालचा जबडा एका बाजूला सरकला होता, दात शर्टावर पडले होते, आणि उजवा हात कोपरापासून नको त्या दिशेला वळला होता. मारणाऱ्यांनी हात निवडून मोडला होता, शपथ घ्यायला वर करतात तो. गुलाल कुठला आणि रक्त कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. मी पदराने पुसत होते आणि लाल काही संपत नव्हतं. त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते, म्हणजे जिवंत होता. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी तालमीकडे पळाले.

हलगी अजून वाजत होती. पंगत बसली होती. माझ्या हाताला रक्त होतं ते कुणाला दिसलं नाही, तिथं सगळ्यांचेच हात लाल होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी शब्द न बोलता डेगीला लाथ घातली. उकळता रस्सा अंगणभर गेला. एका पोराची पोटरी भाजली, तो किंचाळला, तेव्हा हलगी थांबली. मी ओरडले, "खावा! ह्यो मेला की त्येचंबी खावा!"

जिने आयुष्यात मुंगी चिरडली नाही तिने हे केलं, असं नंतर गावात सांगायचे. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पोरांनी गाडी काढली, भाऊ वाचला. जबडा तारेने बांधला, हातात पट्टी आणि स्क्रू घातले. साक्ष पुढं ढकलली गेली. आठवडाभर गाव पेटलं होतं. मोर्चा निघाला, टायर जळले, त्या माणसाच्या पुतण्याच्या हॉटेलच्या काचा फुटल्या. मारणारे तिघे पकडले गेले. आणि पकडले गेले म्हटल्यावर लोकांचा जीव पुन्हा भांड्यात पडला. दवाखान्यात भेटायला येणारे मोसंबी ठेवायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "सापडले की आक्का. आता कायदा बघून घिल." मी त्या मोसंब्यांकडे बघायचे. फेकून मारावीत असं रोज वाटायचं. कायदा बघून घेईल म्हणजे आपण आता बघायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

महिना-दोन महिन्यांत वरच्या कोर्टाने शिक्षेला स्थगिती दिली आणि त्याला जामीन मिळाला. तो बाहेर आला तर पेठ वडगावात त्याच्या गाड्यांचा ताफा मोजवत नव्हता. पुन्हा गुलाल, पुन्हा जेसीबी. शाहूपुरीतला तोच चष्मेवाला मला म्हणाला, "जामीनच हाय, सुटला न्हाय काय." मी त्याला काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

साक्षीच्या सकाळी तालमीत फक्त दोन पोरं होती. कुणाची भरती होती, कुणाच्या घरी लग्न होतं, आणि बऱ्याच जणांना वाटत होतं की एवढं सगळं झाल्यावर आता कोण हात लावतंय. त्यांचं खोटं नव्हतं, ती वाईटही नव्हती. राग येऊन येऊन ती दमली होती. मी ऊसतोडीचा कोयता पोत्यात गुंडाळून गाडीच्या सीटखाली सरकवला. कुणी आडवा आला तर मान उतरवायची असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि ते ठरवताना मला अजिबात भीती वाटली नाही. भावाने गाडीत बसताना पायाला लागलेलं पोतं ओढून काढलं, कोयता बघितला, माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने तो गोठ्यात नेऊन ठेवला आणि परत येऊन बसला. आम्ही निघालो.

कोर्टाच्या व्हरांड्यात आमदार उभा होता, कडक इस्त्रीत. भाऊ समोरून जाताना त्याने भावाच्या मोडलेल्या हातावर अगदी मायेने हात ठेवला. "अण्णा, तब्येतीला जपताय न्हवं?" भावाचं अंग आक्रसलेलं मला दिसलं. मला कोयता आठवला.

भावाने सगळं सांगितलं. तारा निघाल्या होत्या, पण शब्द जड निघत होते, लाळ गळत होती, वहिनी बाकावरून उठून पुसायला जायची आणि शिपाई तिला बसवायचा. बांध, काठ्या, काच, बूट. आमदाराच्या वकिलाने उलटतपासणीत बरंच खोदलं, शेवटी हसून विचारलं, "तुम्ही कुणाच्या तरी दबावाखाली बोलताय. खरं सांगा, तुमच्या मनात भीती आहे की नाही?"

आमच्या घरातल्या पुरुषांनी या प्रश्नाला कधी हो म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. 

"व्हय," भाऊ म्हणाला. "भ्या हाय. लई हाय. आधी नव्हतं, तवा मी एकटा घराकडं निघालो." मग त्याने तो वाकडा जोडलेला हात जेवढा उचलेल तेवढा उचलला आणि समोरच्या माणसाकडे केला. "ह्येचं भ्या हाय साहेब. ह्यो आत असला तरी हाय, भायेर असला तरी हाय. तेवढं लिवून घ्या."

न्यायाधीशांनी ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं. वकील खाली बसला. भाऊ पिंजऱ्यातून उतरला तेव्हा मी त्याचा दंड धरला. तो सगळा थरथरत होता, आणि सगळ्यांसमोर थरथरायची त्याला लाज वाटत नव्हती.