शेळ्यांसाठी केलेला अर्ज

बरकतपुऱ्यातल्या त्या गल्लीत शेळ्या ठेवायला परवानगी लागते का, हा प्रश्न एकनाथरावांच्या आधी कोणालाही पडला नव्हता. मागच्या बोळात कमरुन्निसाकडे शेळ्या होत्या, त्याआधी तिच्या सासूकडे होत्या. एकनाथरावांच्या परसातही पत्र्याखाली दोन होत्या, चंद्री आणि काबरी. त्या भामाबाईंच्या. बिलोलीकडच्या शेतकरी घरातून आलेल्या या बाईंनी संसारात नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. ते निवृत्त झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता तरी दारात जनावर असू द्या." त्यांच्या भावाने, उमाजीने, गावाहून दोन पिल्लं आणून सोडली. बेगम बाजारातून तुरीची चुनी येऊ लागली, कोपऱ्यावरचा भाजीवाला मटाराची टरफलं ठेवू लागला आणि गुडघे धरलेल्या भामाबाई पहाटे कोणी न उठवता उठू लागल्या.

एका रविवारी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कुलदीप जिना उतरता उतरता म्हणाला, "काका, यांचं लायसन काढलंय का? कुत्र्याचं लागतं म्हणून विचारलं." आणि हसत स्कूटरवर बसून गेला.

एकनाथराव हसले नाहीत. त्यांची सगळी नोकरी सरकारी पत्रांचे मसुदे करण्यात गेली होती. 'विनापरवाना' हा शब्द त्यांनी आजवर दुसऱ्यांसाठी लिहिला होता.

"अहो, आपल्याला कोणी काही बोललंय का?" भामाबाईंनी विचारलं.

"बोलायच्या आधी आपण नियमात असावं."

"शेळीला कसला आलाय नियम! पाला टाकला, पाणी दाखवलं, झालं."

त्यांनी महापालिकेला अर्ज लिहिला. फक्त स्वतःपुरतं मागणं त्यांना बरं दिसेना, म्हणून साऱ्या वॉर्डातल्या शेळीवाल्यांना रीतसर परवानगी मागितली. दाखला हवा, म्हणून मागच्या बोळाचा उल्लेख केला: तिथे वर्षानुवर्षं शेळ्या आहेत आणि कोणाचीही तक्रार नाही. मसुदा चांगला उतरला होता. त्यांनी तो भामाबाईंना वाचून दाखवला. कमरुन्निसाला दाखवायचं त्यांच्या मनात आलं नाही.

महिन्याभरात दोन माणसं येऊन परस बघून गेली, मग बोळात शिरली. नोटिसा दोन्ही घरांना आल्या. निवासी भागात शेळ्या ठेवता येणार नाहीत, मुदतीत हलवाव्यात. एकनाथराव महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

"सार, बकरियां सब जगह हैं, हमको मालूम है. पर आपने लिख के पूछा. लिख के पूछे तो लिख के जवाब देना पड़ता."

 त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून एकनाथरावांनीही हेच केलं असतं.

कमरुन्निसाने शेळ्या घाईत विकल्या. दुसऱ्या दिवशी ती दारात आली ती भामाबाईंशी बोलायला.

"भाभी, साब को अर्जी देने को कौन बोला था? हमारा चूल्हा उसी पे था."

एकनाथराव आतून बाहेर आले. "तुम लोगों के वास्तेच दिया था मैं."

"हौ साब, मालूम. तुम बुरा नै सोचे," ती म्हणाली. तेवढं बोलून ती गेली.

उमाजी टेम्पो घेऊन आला. चंद्री चढली. काबरीने पाय रोवले, तेव्हा भामाबाई स्वतः टेम्पोत चढल्या आणि तिला आतून बोलावलं. ती गेली. त्या दिवसापासून भामाबाई उशिरा उठतात.

एकनाथरावांनी खरी मोहीम यानंतर सुरू केली. नियमच बदलून घ्यायचा. काचीगुड्यातल्या एका ओळखीच्या वकिलाने मसुदा तपासला आणि सांगितलं, "रिटायर्ड लोकांच्या सह्या पुष्कळ झाल्या, राव. ज्यांचं पोट शेळ्यांवर आहे त्यांच्या आणा."

ते बोळाबोळांतून फिरले. लोक बसायला सांगत, पाणी देत. कागद काढला की घरात शेळीच नाही म्हणत, मागे ती ओरडत असली तरी. शेवटी ते कमरुन्निसाच्या दारात उभे राहिले.

"नाम मत लिखो साब."

"अब तुम्हारे पास तो एक भी नै. डर कायका?"

"मेरे पास नै. बहन के पास दो हैं."

"बहन किधर रहती?" एकनाथरावांनी विचारलं. नोंद अर्धवट राहू नये, ही त्यांची जुनी सवय.

कमरुन्निसाने त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

अर्ज पुढच्या आठवड्यात गेला. शेळ्या पाळणाऱ्या एकाही माणसाची त्यावर सही नव्हती. भामाबाईंना सही मागायचं एकनाथरावांना धाडस झालं नाही.