हाताबाहेरच्या गोष्टी

डॉक्टर हरीश कारखानीस ब्रिटनमधल्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर होते. त्यांना खरं तर सर्जन व्हायचं होतं, पण सत्तरच्या दशकात भारतातून आलेल्या डॉक्टरांच्या वाट्याला बहुधा तिथल्यांना नको असलेली कामंच यायची. तीनदा अर्ज करून नकार आला, तेव्हा हरीशनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्राचीन रोमन विचारवंतांची पुस्तकं आणली आणि ती वाचता वाचता सर्जरीचा नादच सोडला. आपल्या हातात काय आहे ते बघायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, हे त्यांचं जगण्याचं सूत्र झालं. नंतर प्रमोशन हुकलं, गाडी चोरीला गेली, कोणी तोंडावर वाईट बोललं, तरी ते चहा मागायचे आणि म्हणायचे, "सुप्रभा, हे काही आपल्या हातात नव्हतं."

सुप्रभाताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होत्या आणि स्वभावानं तापट. नवऱ्याच्या या शांतपणाचा त्यांना अभिमान होता आणि वैतागही. घरात कोणीतरी चिडायला हवं म्हणून दोघांच्या वाटचं त्या एकट्याच चिडायच्या.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी, २००३ साली, हरीशना नेहमीचे शब्द आठवेनासे झाले. त्यांच्या लक्षात ते सगळ्यांच्या आधी आलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ज्या तपासण्या सांगितल्या त्या त्यांनी स्वतः मागून करून घेतल्या. मेमरी क्लिनिकची तरुण डॉक्टरीण स्मृतिभ्रंशाचं निदान चाचरत सांगू लागली, तेव्हा त्यांनीच तिला धीर दिला. "मला माहीत आहे पुढे काय होतं. यू आर डूइंग फाइन."

त्या रविवारी दोघं केर्लिऑनला गेली. कार्डिफपासून जवळच्या त्या गावात रोमन सैन्याच्या छावणीचे अवशेष आहेत. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हरीश तिथे नेत. गवतानं भरलेल्या गोल मैदानाच्या कडेला दोघं बसली.

"अहो, तुमचे रोमन काय सांगतात यावर?" सुप्रभाताईंनी विचारलं.

 हरीश म्हणाले, "त्यांना देशोधडीला लावलं, त्यांची पोरं मेली, काहींना तर स्वतःचा जीव घ्यायला लावला. पण शेवटपर्यंत डोकं शाबूत होतं गं. काहीही झालं तरी मन आपल्या हातात असतं, एवढ्यावरच त्यांचं सगळं उभं आहे. मनच जायला लागलं तर काय, ते मला त्यांच्यात कुठे सापडलेलं नाही." मग ते म्हणाले, "मी विचित्र वागायला लागलो तर तो मी नसेन. मनावर घेऊ नकोस."

"ते मला जमणार नाही," सुप्रभाताई म्हणाल्या.

पुढच्या तीन वर्षांत तो शांत माणूस थोडा थोडा करून निघून गेला. आधी वाचन सुटलं, मग शेजाऱ्यांची नावं, मग इंग्लिश. आणि त्या जागी एक घाबरलेला, संशयी माणूस येऊन बसला. तो चष्मा उशीखाली लपवायचा आणि बायकोनं चोरला म्हणायचा. ही बाई आपल्या घरात का राहते, असं तिलाच विचारायचा. सुप्रभाताई आधी समजावत, मग भांडत, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत. चिडायचं त्यांचं काम आता हरीशनी घेतलं होतं आणि शांत राहायचं काम त्यांच्यावर येऊन पडलं होतं. ते त्यांना येत नव्हतं.

एका सकाळी त्या पोहे करत होत्या. हरीश मागून आले आणि म्हणाले, "माझ्या बायकोला कुठे ठेवलंय तुम्ही?"

"मीच तुमची बायको," त्या न वळता म्हणाल्या. रोज तेच उत्तर देऊन त्या थकल्या होत्या.

हरीशनी त्यांना जोरात ढकललं. त्या ओट्याच्या कडेवर आपटून खाली पडल्या आणि डावं मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी सांगितलं, ओल्या फरशीवरून घसरले. तिथली नर्स त्यांना ओळखत होती. तिनं विश्वास ठेवला नाही, पण फॉर्मवर तेच लिहून घेतलं.

मालविका, त्यांची कार्डिफमध्येच वाढलेली एकुलती एक मुलगी, लंडनजवळ हॅरोला राहायची. ती दुसऱ्या दिवशी आली.

"आई, तू पडली नाहीस. बाबानी केलं ना?"

"ते त्यांच्या हातात नाही."

"आय नो. पण तुझा हाड तुटला. नेक्स्ट टाइम डोकं फुटेल. आपण केअर होम बघू या."

"लोक काय म्हणतील? स्वतः म्हाताऱ्यांचे डॉक्टर, आणि बायकोनं त्यांनाच होममध्ये टाकलं म्हणतील."

"कोण लोक? मराठी मंडळाच्या गणपतीला येतात ते? ते येतात का बाबाला अंघोळ घालायला?"

 मालविका घरी राहिली त्या आठवड्यात सुप्रभाताईंनी नवऱ्याची पुस्तकं पहिल्यांदा काढली. प्लास्टरमधल्या हातानं पानं उलटणं अवघड होतं. वाचताना त्यांना राग आला. एक सम्राट होता, एक सम्राटाचा सल्लागार. त्यांच्या घरी राबायला गुलाम होते. दुःखाविषयी इतकं सुंदर लिहिणाऱ्या या पुरुषांच्या चादरी कोण धूत होतं, ते कुठेच नव्हतं. त्यांच्यात एक मात्र गुलामच होता, मालकाच्या घरात वाढलेला आणि पायानं अधू. त्याच्यापाशी त्या थांबल्या. त्यानं सांगितलेलंच हरीश आयुष्यभर घरात सांगत आले होते, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

पुस्तक मिटून त्या आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं मोजू लागल्या. हरीशचं मन परत आणणं हाताबाहेरचं होतं. आपल्या अंगी नसलेला शांतपणा आणणंही हाताबाहेरचंच. हातात एवढंच होतं, की ते कुठे सुरक्षित राहतील ते ठरवायचं आणि लोकांचं बोलणं ऐकून घ्यायचं. सकाळी त्या मालविकाला म्हणाल्या, "चल, होम बघू या."

होममध्ये नेण्याचा दिवस वाईट गेला. हरीश गाडीतून उतरेनात. त्यांनी सुप्रभाताईंचा पदर घट्ट धरून ठेवला होता. ज्या बाईला ते ओळखत नव्हते, तिच्याच मागे लपत होते. तिथल्या दोन केअरर बायकांनी गोड बोलून त्यांना आत नेलं. सुप्रभाताई गाडीत बसून राहिल्या.

काही आठवड्यांनी मात्र तिथे वेगळंच घडलं. होम म्हणजे आपला वॉर्ड आहे, असं हरीशच्या मनानं घेतलं. हात मागे बांधून ते खोल्याखोल्यांतून फिरत, एखाद्या म्हातारीच्या खाटेशी वाकत, नाडी बघत. शब्द उरले नव्हते, पण हात धरायची रीत तीच होती. केअरर त्यांना 'डॉक्टर' म्हणू लागल्या. एकदा सुप्रभाताई आल्या तेव्हा हरीशनी खुणेनं सांगितलं, नातेवाइकांनी बाहेर थांबावं. त्या कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसल्या. आत आपला नवरा काम करतोय, हे त्यांना दिसत होतं. पुढे जवळजवळ वर्षभर त्या रोज येऊन त्याच खुर्चीवर बसत.

मंडळातल्या बायका बोलायच्या ते कानावर येत होतं. ते त्यांना लागत होतं.

मग राउंड बंद झाले. हरीश अंथरुणाला खिळले, आणि २००८च्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेले. मालविकाची ट्रेन उशिरा पोचली. आईला मिठी मारून ती म्हणाली, "बाबा शेवटी पीसफुल होता ना? आधीसारखा?"

सुप्रभाताईंना हो म्हणता आलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "घाबरले होते. मी हात धरला, तेव्हा जरा कमी घाबरले."